पाण्यावरची उडी आणि अकरावीचं गणित

आजचं बोलणं अकरावीला सायन्स घेतलेल्या मुलींसाठी आहे, आणि तेवढंच त्यांच्या आयांसाठीही आहे. आया म्हणतील, आम्हाला त्यातलं काय कळतंय? पण आज ज्याबद्दल बोलायचं आहे ते काम तुमच्या हातांना पुस्तकाच्या आधीपासून येतं. फेकलेली वस्तू हवेतून कशी जाते आणि नेमकी कुठे पडते, हा आजचा विषय. पुस्तकात त्याला प्रोजेक्टाइल मोशन म्हणतात. मराठीत प्रक्षेप्य गती.

हाच विषय का घेतला, ते आधी सांगतो. आपल्या बीड जिल्ह्यातल्या कितीतरी मुली दहावीपर्यंत मराठीतून शिकतात. अकरावी सायन्सला गेल्या की पुस्तक इंग्रजीत येतं आणि सुरुवातीच्या धड्यांतच हा विषय समोर उभा राहतो. गणित अवघड असतं त्याहून जास्त शब्द अवघड वाटतात. दोन-तीन आठवडे काही सुधरत नाही. मग मुलगी म्हणते, "मला सायन्स झेपत नाही." ऊसतोडीला जाणाऱ्या घरात तर पोरीला मागे कुणाजवळ ठेवायची हा प्रश्न आधीच असतो. त्यात हे वाक्य कानावर पडलं की कॉलेज सुटायला आणि स्थळं बघायला वेळ लागत नाही. एका धड्यापायी एवढं होऊ नये, म्हणून हा धडा आज आपण मराठीत उलगडू.

आधी गोफण घेऊ. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर उभं राहून पाखरं राखायची. समजा, माळा आणि उंच केलेला हात मिळून जमिनीपासून पाच मीटर, म्हणजे साधारण साडेसोळा फूट उंची झाली. तिथून गोफणगुंडा अगदी आडवा सुटला. त्याच क्षणी तुमच्या दुसऱ्या हातातला खडा तेवढ्याच उंचीवरून नुसता खाली सोडला. आधी जमिनीला कोण टेकेल?

बहुतेक जणी म्हणतील, सोडलेला खडा. कारण गुंड्याला लांब जायचं आहे. पण हवेचा अडथळा सोडला तर दोन्ही एकाच वेळी टेकतात. पृथ्वी दोघांनाही सारख्याच ओढीनं खाली खेचते. गुंडा पुढे किती जोरात चालला आहे याच्याशी त्या ओढीला काही देणंघेणं नसतं. गुंडा एकाच वेळी दोन कामं करत असतो. पुढे जाण्याचं काम एक, आणि खाली पडण्याचं दुसरं. एक काम दुसऱ्यात ढवळाढवळ करत नाही. इटलीच्या गॅलिलिओनं १६३८ साली छापलेल्या आपल्या पुस्तकात हेच मांडलं. आजही हा सगळा धडा या एकाच गोष्टीवर उभा आहे.

आता आकडे घालू. सोडलेली वस्तू किती खाली येते, त्याचा हिशोब असा: वेळेचा वर्ग करायचा, म्हणजे वेळेला वेळेनंच गुणायचं, आणि त्याला ४.९ नं गुणायचं. एका सेकंदात ४.९ मीटर, दोन सेकंदांत १९.६ मीटर. हे ४.९ म्हणजे गुरुत्वत्वरणाचं, ९.८ चं, अर्धं. दहावीला मुक्त पतन शिकलात, तेच हे. तेव्हा पाच मीटर उंचीवरून गुंडा साधारण एका सेकंदात खाली येतो. त्याचा पुढचा वेग सेकंदाला २५ मीटर असेल, तर त्या एका सेकंदात तो २५ मीटर पुढे जाईल. झालं उदाहरण. पुस्तकात त्या एका सेकंदाला टाइम ऑफ फ्लाइट म्हणतात आणि २५ मीटरला रेंज. आपण हवेतला वेळ आणि पल्ला म्हणू.

वस्तू वरच्या बाजूला फेकली तर? कडब्याची गंजी रचताना खालची बाई पेंढी वर फेकते आणि वरची ती झेलते. समजा पेंढीचा वर जाण्याचा वेग सेकंदाला ६ मीटर आहे. पृथ्वी दर सेकंदाला त्यातला ९.८ मीटरचा वेग कमी करते. म्हणजे ६ भागिले ९.८, साधारण ०.६१ सेकंदात वर जाणं थांबतं. तोवर पेंढी हाताच्या वर सुमारे १.८ मीटर गेलेली असते. वरची बाई नेमकी तिथेच पेंढी पकडते, कारण त्या जागी ती क्षणभर अलगद होते. चुकून खाली यायला लागली की हाताला जड लागते. गंजीवर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकीला हे ठाऊक असतं.

इथे परीक्षेत हमखास फसवणारा प्रश्न येतो: सगळ्यात उंच जागी वेग किती? शून्य होतो तो फक्त वर जाण्याचा वेग. पेंढी पुढेही सरकत असते आणि तो पुढचा वेग तिथेही जसाच्या तसा असतो. पृथ्वीची ओढही तिथे थांबत नाही. थांबली असती, तर पेंढी तिथेच लटकून राहिली असती.

आता रीत सांगतो. कोणतंही उदाहरण आलं तरी याच पायऱ्यांनी जायचं.

पहिली पायरी, चित्र. वस्तू कुठून सुटली, कुठे पडली आणि मधली वाट कशी वाकली, ते पेन्सिलीनं काढायचं. दिलेले आकडे चित्रावरच लिहायचे.

दुसरी पायरी, दोन रकाने. पानाच्या मधोमध उभी रेघ मारायची. डावीकडे "आडवं", उजवीकडे "उभं". पुस्तकात हॉरिझॉन्टल आणि व्हर्टिकल म्हणतात ते हेच. तिरका वेग दिला असेल तर त्याची वाटणी करायची. कोन जमिनीपासून मोजला असेल तर वेग गुणिले कोसाइन आडव्या रकान्यात, वेग गुणिले साइन उभ्या रकान्यात. दहावीच्या त्रिकोणमितीतला काटकोन त्रिकोण आठवा.

तिसरी पायरी, उभ्या रकान्यातून वेळ काढायचा. वस्तू किती वेळ हवेत राहणार, ते बहुतेक उदाहरणांत तिची उंची आणि वर जाण्याचा वेग ठरवतात.

चौथी पायरी, तो वेळ आडव्या रकान्यात नेऊन पुढच्या वेगानं गुणायचं. पल्ला आला. दोन्ही रकान्यांत सामाईक गोष्ट एकच, वेळ. बाकी काही इकडचं तिकडे न्यायचं नाही. बहुतेक उत्तरं चुकतात ती आडवा वेग उभ्या सूत्रात घातल्यानं.

ही रीत आता आपल्याच जिल्ह्यातल्या माणसावर लावून बघू. आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचे अविनाश साबळे तुम्हाला माहीत आहेत. शेतकऱ्याच्या घरात वाढले, बारावीनंतर सैन्यात गेले आणि तीन हजार मीटर स्टीपलचेस शर्यतीत जगभर पोचले. या शर्यतीत २८ वेळा अडथळा ओलांडावा लागतो आणि ७ वेळा पाण्याची उडी असते. पाण्याच्या उडीत पुढे अडथळा आणि त्याला लागून पाण्याचा खड्डा. अडथळ्यासकट त्याची लांबी ३.६६ मीटर, म्हणजे बारा फूट. अडथळ्याजवळ पाणी खोल, आणि पुढे तळ चढत चढत धावपट्टीच्या पातळीला येतो. धावपटू अडथळ्यावर पाय देऊन पुढे झेपावतात.

२०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत साबळेंनी ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळवलं. तीन हजार मीटरला या वेळेनं भागलं की सरासरी वेग सेकंदाला सहा मीटरच्या थोडा वर येतो. आपण सहाच धरू. पुरुषांच्या अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर. समजा, त्यावरून धावपटू वर न उसळता सरळ आडवा निघाला.

उभा रकाना: ०.९१४ मीटर खाली यायचं आहे. ०.९१४ भागिले ४.९, आणि त्याचं वर्गमूळ. वेळ आला ०.४३ सेकंद. आडवा रकाना: ६ गुणिले ०.४३, साधारण २.६ मीटर. म्हणजे खड्ड्याच्या शेवटाच्या मीटरभर आधीच पाय पाण्यात.

पूर्ण खड्डा ओलांडायचा तर? उलटं गणित करू. ३.६६ मीटर जायला ६ च्या वेगानं ०.६१ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात पृथ्वी १.८२ मीटर खाली ओढते. पण उतरायचं आहे फक्त ०.९१ मीटर. उरलेली ०.९१ मीटरची भर ०.६१ सेकंदांत पायाच्या रेट्यानं द्यायला हवी. भागाकार केला की वर जाण्याचा वेग येतो सेकंदाला दीड मीटर. चार हात पुढे तर एक हात वर, एवढीच उसळी. प्रत्यक्षात बहुतेक धावपटू शेवटच्या उथळ पाण्यात एक पाय टाकून पुढे पळतात, कारण फार वर उसळण्यात दमही जातो.

आता बायकांच्या शर्यतीकडे येऊ. ऑलिंपिकमध्ये बायकांना ही शर्यत पळायला मिळाली ती थेट २००८ साली, बीजिंगला. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावल्या. माणदेशही आपल्यासारखाच दुष्काळी. प्राथमिक फेरीत त्यांची वेळ होती ९ मिनिटं १९.७६ सेकंद. सरासरी वेग सेकंदाला ५.३६ मीटर. बायकांचा अडथळा ठेंगणा, ७६.२ सेंटिमीटर. मग बायकांची पाण्याची उडी सोपी असणार, असं वाटतं ना?

रकाने मांडू. ०.७६२ मीटर खाली यायला वेळ लागतो ०.३९ सेकंद. गुणिले ५.३६, पल्ला फक्त २.१ मीटर. पण पाण्याचा खड्डा मात्र पुरुषांएवढाच, ३.६६ मीटर. अडथळा ठेंगणा म्हणून हवेतला वेळ कमी, वेळ कमी म्हणून पल्ला कमी, म्हणून पाय जास्त खोल पाण्यात. पूर्ण ओलांडायचं तर ०.६८ सेकंद हवेत राहावं लागेल. त्यासाठी वर जाण्याचा वेग लागतो सेकंदाला सुमारे २.२ मीटर. पुरुषांना लागला दीड. अडथळा ठेंगणा केला म्हणून ओलांडणं सोपं झालं, असं दुरून वाटतं. दोन रकाने मांडल्यावर खरं काय ते दिसतं. अशा मोजमापासाठीच हे शिकायचं.

आणि एवढ्या बारीक हिशोबानं फरक काय पडतो? बर्मिंगहॅमला सुवर्णपदक मिळवणाऱ्या केनियाच्या अब्राहम किबिवोट यांची वेळ होती ८ मिनिटं ११.१५ सेकंद. फरक सेकंदाच्या शंभर भागांतल्या पाच भागांचा. शर्यतीच्या सरासरी वेगानं ते अंतर होतं तीस सेंटिमीटर, शाळेतली एक फूटपट्टी. सात वेळा पाण्यावरून उडी मारायची आणि शेवटी फरक एका फूटपट्टीचा.

मुलींनो, आणखी तीन गोष्टी वहीत लिहून ठेवा. पहिली, वेग ताशी किलोमीटरमध्ये दिला असेल तर आधी ५ नं गुणून १८ नं भागा, म्हणजे तो सेकंदाला मीटरमध्ये येईल. दुसरी, वरची दिशा अधिक धरली तर गुरुत्वत्वरण उणे धरायचं आणि ते शेवटपर्यंत बदलायचं नाही. तिसरी, सपाट जमिनीवर सर्वांत लांब पल्ला ४५ अंशांना मिळतो हे खरं, पण सुटण्याची आणि पडण्याची जागा एकाच पातळीवर असेल तरच. उंचावरून फेकताना तो कोन ४५ पेक्षा कमी होतो. म्हणून तयार सूत्र वापरायच्या आधी चित्राकडे बघा. दोन्ही टोकं एका पातळीवर नसतील तर रेंजचं ते सूत्र सोडून द्या आणि रकान्यांवर या.

आयांनो, तुम्हाला इंग्रजी वाचता आलं नाही तरी लेक अभ्यासाला बसली की तिला चार प्रश्न विचारा. कुठून सुटलं? कुठे पडलं? हवेत किती वेळ होतं? तेवढ्या वेळात पुढे किती गेलं? याच क्रमानं विचारा. ती तुम्हाला समजावून सांगू लागली की तिचं तिलाही कळतं. गावापासून लांब, कोपीवर असाल तर फोनवर विचारा. आणि एखाद्या दिवशी ती "झेपत नाही" म्हणाली, तर एवढंच विचारा: "चित्र काढलंस का? दोन रकाने केलेस का?" केले नसतील तर झेपत नाही असं ठरवायची वेळ अजून आलेली नाही. आधी ते करू द्या, निर्णयाचं नंतर बघू.

या आठवड्यात एक उदाहरण सोडवून ठेवा. विहिरीच्या काठावरून खडा सेकंदाला ४ मीटर वेगानं अगदी आडवा फेकला. पाणी काठापासून १९.६ मीटर खाली आहे. खडा किती वेळानं पाण्यात पडेल, आणि मधे विहिरीची भिंत आली नाही तर काठापासून किती लांब? रकाने मांडा, उत्तर दोन ओळींत येईल. पडताळ्यासाठी सांगून ठेवतो: दोन सेकंद आणि आठ मीटर.