नांगराचा ताण ओळखणारे लोखंडी हात

कोहका आज भिलाईतली वस्ती. पण शहर मागे पडलं की दुर्ग जिल्ह्यातली धानाची शेतं सुरू होतात. या भागात जुना ट्रॅक्टर घ्यायला निघालेला शेतकरी आधी विचारतो, एचपी किती? मग, किती तास चाललाय? प्रश्न रास्तच आहेत. पण खरी करामत सीटच्या मागे, हायड्रॉलिकच्या दोन लोखंडी हातांत असते.

समजा, नांगरता नांगरता वाळलेली कन्हार लागली. कन्हार म्हणजे इथली काळी, चिवट माती. नांगर अडतो, पुढे कलंडू पाहतो आणि नांगराला ट्रॅक्टरशी जोडणाऱ्या वरच्या दांड्यावर, म्हणजे टॉपलिंकवर, दाब येतो. त्या दाबाने स्प्रिंग आवळते, स्प्रिंग झडप हलवते, पंपाचं तेल सिलिंडरमध्ये शिरतं आणि नांगर किंचित वर येतो. ताण उतरला की पुन्हा खाली! ड्रायव्हरने लिव्हरला हातही लावलेला नसतो. ना सेन्सर, ना संगणक. वर नांगराचा भार मागच्या चाकांवर येतो आणि चाकांची पकड वाढते. अडवणारी मातीच ट्रॅक्टरला बळ देते!

ही कल्पना आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनची. १९३८ साली तिचं प्रात्यक्षिक पाहून हेन्री फोर्ड इतके खूश झाले, की दोघांनी नुसत्या हस्तांदोलनावर करार केला. आज तुमच्यासमोर उभ्या जुन्या ट्रॅक्टरात बहुधा तेच तत्त्व आहे. ते शाबूत आहे का? जड अवजार उचलायला लावा आणि इंजिन बंद करा. हात झरझर खाली आले, तर आत तेल गळतंय. चालू इंजिनवर हात सारखे खालीवर डुलत असतील, तरी दुखणं तेच.

आता चिखलणी. पाण्यात माती घुसळली की तिचे बारीक कण भोकं बुजवतात आणि बांधीतलं पाणी जिरायचं मंदावतं. धानाला हवं तेच! पण तो चिखल ब्रेकमध्येही शिरू पाहतो. म्हणून इथे कोरड्या ब्रेकपेक्षा ऑइल ब्रेक बरे. त्यांच्या चकत्या तेलात बुडालेल्या, बंदिस्त असतात. तरीही गिअरबॉक्सची डिपस्टिक ओढून बघाच. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं, तर आत पाणी गेलंय.

रोटाव्हेटर चालवायचा आहे? मग डबल क्लच हवा. पेडल अर्धं दाबलं की चाकं थांबतात, पण पीटीओ, म्हणजे अवजाराला फिरवणारा मागचा दांडा, फिरतच राहतो, मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ! पूर्ण दाबलं की दोन्ही थांबतात. एकाच पेडलात दोन हुकूम. दोन्ही टप्पे वेगवेगळे लागतात का, हे स्वतः दाबून पाहा.

उरलं इंजिन. ते गरम झाल्यावरही निळा धूर येत असेल, तर तेल जळतंय. ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, धुराचे लोट येत असतील, तर मिस्त्री सांगेल, 'बॅक कॉम्प्रेशन मारतंय.' पिस्टनच्या रिंगा झिजल्या की ज्वलनाचा वायू खाली निसटतो. मग कागदावरचे एचपी शेतात कुठून दिसणार?

तेव्हा कागदपत्रं आणि बँकेचा बोजा तपासा, पण सौदा रस्त्यावर उरकू नका. मालकाला नांगर जोडायला सांगा आणि ट्रॅक्टर शेतात उतरवा. रंग नवा मारता येतो, मीटर बदलता येतं. पण कठीण माती लागल्यावर नांगर आपोआप वर येतो की नाही, हे कुणालाच लपवता येत नाही.