बोम्मसंद्रा, पिन ५६००९९

होसूर रस्त्याने बंगळुरूबाहेर पडताना इलेक्ट्रॉनिक सिटी मागे टाकली की बोम्मसंद्र्याची औद्योगिक वसाहत लागते. बायोकॉनचे कारखाने, नारायणा हेल्थचे रुग्णालय-संकुल, सुटे भाग घडवणारी लहानमोठी वर्कशॉपे, भोवताली फ्लॅटांची दाटी. ऑगस्ट २०२५पासून मेट्रोची यलो लाइनही इथवर येते. पार्सलच्या धंद्याला याहून सोयीची जागा मिळणे कठीण. उचलायला कारखान्यांचा माल आहे, आणि वाटायचे तर एकाच सोसायटीच्या गेटवर मोटार उभी करून ढीगभर खोकी उतरवता येतात. या भागाचा पिन कोड ५६००९९. ही सहा आकडी पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली, आणि तिचे श्रेय संस्कृत कवी व टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्याकडे जाते. नंदुरबारमधल्या धडगावच्या डोंगरातल्या पाड्यालाही तेवढेच सहा आकडे. पत्ता म्हणून दोन्ही ठिकाणे सारखीच. वाटपाच्या खर्चात मात्र त्यांचा काही मेळ नाही, आणि टपालाच्या आजच्या आर्थिक दुखण्याचे मूळ या तफावतीत आहे.

ही तफावत दीडशे वर्षे झाकली गेली ती पत्रांमुळे. १८५४पूर्वी पत्राचा दर अंतराप्रमाणे चढत असे. त्या वर्षी पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला देशभर अर्धा आणा ठरला. यामागे इंग्लंडच्या रोलंड हिल यांचा हिशेब होता: पत्र दूर नेण्याचा खर्च नगण्य, खरा खर्च दोन्ही टोकांना, म्हणजे गोळा करण्यात, नोंदी ठेवण्यात आणि दारी पोचवण्यात. हा हिशेब आजही खोटा ठरलेला नाही, उलट नको इतका खरा ठरला आहे. पोस्टमन आपल्या बीटवर निघतो तेव्हा त्याच्या फेरीचा खर्च थैलीतल्या सगळ्या पत्रांवर वाटला जातो. थैली हलकी झाली तरी फेरी तेवढीच राहते, आणि उरलेल्या चार वस्तूंवर तिचा सारा भार पडतो. डेन्मार्कमध्ये हे टोकाला गेले. तिथल्या पोस्टनॉर्डने २०२५च्या अखेरीस पत्रवाटपच बंद केले. १६२४पासून चालत आलेली सेवा संपली. ब्रिटनमध्ये त्याच वर्षी दुय्यम दराची पत्रे एक दिवसाआड वाटायला रॉयल मेलला परवानगी मिळाली.

पत्रे गेली तरी पार्सले वाढली, मग अडचण कुठे, असे कुणी विचारील. अडचण अशी की पत्र सगळीकडून सगळीकडे जात होते, पार्सल मात्र दाट वस्तीत गोळा होते. दाट वस्तीतला धंदा करायला कुणीही पुढे येतो. डीटीडीसी ही कुरियर कंपनी १९९० साली बंगळुरूतच सुरू झाली. पुढे डेल्हिव्हरी आणि ऑनलाइन दुकानांची स्वतःची वाहतूक आली. १८९८च्या कायद्याने पत्रांवर टपाल खात्याची मक्तेदारी होती, पण कुरियरवाले पाकिटाला ‘डॉक्युमेंट’ म्हणत आणि सरकार तिकडे काणाडोळा करी. २०२३च्या कायद्याने ती मक्तेदारी कागदावरूनही गेली. बोम्मसंद्र्याच्या फायद्यातून धडगावचा खर्च भागवायचा ही जुनी रीत त्यामुळे मोडली, कारण बोम्मसंद्र्याचा फायदाच आता वाटून गेला आहे.

खात्यातल्या ढिलाईमुळेच हा तोटा होतो, हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. पार्सलचा माग दाखवण्यात खाते वर्षानुवर्षे खाजगी कंपन्यांच्या मागे राहिले. २०१९च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार पन्नास पैशांच्या पोस्टकार्डामागे बारा रुपयांच्या वर खर्च होत होता, आणि पार्सलमागच्या सरासरी ८९ रुपयांच्या खर्चापैकी निम्मेच वसूल होत होते. पण गावाकडची बाजू पाहिली तर चित्र बदलते. दीड लाखांहून अधिक टपाल कार्यालयांपैकी सुमारे नव्वद टक्के ग्रामीण आहेत आणि त्यांतली बहुतेक ग्रामीण डाकसेवक चार-पाच तासांच्या मानधनावर चालवतात. तिथे आणखी काटकसर ती कसली करणार?

दुसरा आक्षेप असा, की खाजगी कंपन्या आता अठरा हजारांहून अधिक पिन कोडांपर्यंत जातात, मग सरकारी जाळे हवे कशाला? एका पिन कोडात कित्येक गावे असतात आणि पिन कोडापर्यंत पोचणे म्हणजे उंबऱ्यापर्यंत पोचणे नव्हे. अनेकदा गिऱ्हाइकालाच बाजारगावी बोलावून घेतले जाते. परवडेनासे झाले तर कंपनी उद्या तिथून हातही काढून घेऊ शकते. अॅमेझॉनसारखी बडी कंपनी दुर्गम भागातला माल टपाल खात्याकडे सोपवते, ती काही देशप्रेमापोटी नव्हे.

तेव्हा एकसमान सेवेची किंमत उघडपणे मोजून ती तिजोरीतून त्या कामापुरती द्यावी, हाच सरळ मार्ग दिसतो. आज ती तुटीत बुडवलेली आहे, आणि बचत खात्यांच्या कामासाठी अर्थखात्याकडून मिळणाऱ्या मोबदल्यावर खाते तग धरून आहे. छुप्या सवलतीचे काय होते ते मराठी प्रकाशकांनी अनुभवले. डिसेंबर २०२४मध्ये पुस्तकांसाठीची स्वस्त बुक पोस्ट सेवा एकाएकी बंद झाली. ओरड झाल्यावर मे २०२५मध्ये ‘ज्ञान पोस्ट’ आली, तीनशे ग्रॅमला २० रुपये, पाच किलोंना १००. एकेकाळी व्ही. पी.ने खेडोपाडी पुस्तके पोचवणाऱ्या खात्याकडून ही सवलत कुणाच्या खर्चाने दिली जाते, हे अजूनही कुठे मांडलेले दिसत नाही.

ऑक्टोबर २०२५च्या नव्या दरांत स्पीड पोस्टचे पन्नास ग्रॅमपर्यंतचे पाकीट स्थानिक हद्दीबाहेर कुठेही कराखेरीज ४७ रुपयांत जाते, म्हणजे १८५४चे तत्त्व तेवढ्यापुरते शिल्लक आहे. त्याहून जड वस्तूला अंतर मोजावे लागते, पण पोचायचे ठिकाण दाट वस्तीचे की विरळ, हे दर विचारत नाही. आणि ते विचारूही नये, फक्त त्याचा हिशेब ठेवावा. म्हैसूरच्या केंद्रात घडवलेली नवी संगणक प्रणाली ऑगस्ट २०२५पासून देशभर लागू झाली आहे. कोणत्या पिन कोडात किती वस्तू वाटल्या याच्या नोंदी त्यामुळे खात्याच्या हाताशी आहेत. ५६००९९ आणि धडगाव यांच्या वाटपखर्चातला फरक दरवर्षी संसदेपुढे ठेवायला आता तांत्रिक अडचण उरलेली नाही.