केस पेपरवर नसलेला रकाना

धाप लागलेला माणूस दवाखान्यात आला की त्याची अवस्था बोलण्यावरूनच कळते. नाव, गाव, वय त्याने एका दमात सांगितलं तर सिस्टर थोड्या निर्धास्त होतात. दोन शब्द, मग श्वास, पुन्हा दोन शब्द असं सुरू झालं की त्याला बाकावर रांगेत बसवत नाहीत, थेट आत घेतात. बोटाला ऑक्सिमीटर लागतो. गळ्याखालची आणि बरगड्यांमधली कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जातेय का, हे डॉक्टर शर्ट वर करून पाहतात. नेब्युलायझरच्या छोट्या कपात सॅल्ब्युटामॉलची नळी पिळली जाते, मास्क चढतो, मशीन घरघरू लागतं. "काका, तोंडाने श्वास घ्या. हळूहळू. घाबरू नका."

पाच-दहा मिनिटांत वाफ संपते. उतार पडला नाही तर वीस मिनिटांनी पुन्हा, मग तिसऱ्यांदा. सोबत स्टिरॉइड, लागेल तसा ऑक्सिजन. रुग्ण सीओपीडीचा, म्हणजे श्वासनलिका अरुंद होण्याच्या जुनाट आजाराचा असेल तर ऑक्सिजनसुद्धा मोजूनमापून द्यावा लागतो. रक्तातलं प्रमाण 88 ते 92 टक्क्यांच्या दरम्यान ठेवतात, कारण अशा रुग्णाला ऑक्सिजन जास्त झाला तरी तो बाधतो. तासाभराने डॉक्टर पुन्हा छाती तपासतात आणि निर्णय होतो: घरी सोडायचं की अॅडमिट करायचं. अहवालांमध्ये 'श्वसनविकारांमुळे दाखल झालेले रुग्ण' असा जो आकडा छापला जातो, तो अशा एकेका तासातून तयार होतो.

मग केस पेपर भरला जातो. नाव, वय, पत्ता, निदान. निदानाच्या जागी दमा, सीओपीडी किंवा न्यूमोनिया. पत्ता लिहिलेला असतो, पण त्या पत्त्यावरची हवा त्या आठवड्यात कशी होती, यासाठी रकाना नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-10 या रोगसूचीत प्रदूषित हवेच्या संपर्कासाठी झेड 58.1 असा वेगळा संकेतांक आहे. कागदावर तो फारसा उतरत नाही.

यात डॉक्टरांचा दोष नाही. प्रदूषण बहुतेक वेळा नवा रोग घेऊन येत नाही. जो आधीच कसाबसा तग धरून आहे, त्याचा तोल ते घालवतं. केसाची जाडी साधारण 50 ते 70 मायक्रॉन असते. पीएम 2.5 म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. ते नाकात, घशात न अडकता फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत जातात आणि तिथे सूज आणतात. त्रास त्याच दिवशी होईल किंवा दोन-चार दिवसांनी. म्हणूनच एका रुग्णाकडे बोट दाखवून 'याला हवेनेच आणलं' असं म्हणता येत नाही. शेकडो केस पेपर तारखेप्रमाणे लावून शेजारी हवेचे आकडे ठेवले, की मग दिसू लागतं.

अमेरिकेतल्या युटा व्हॅलीत हे फार लख्ख दिसलं. तिथला जिनिव्हा पोलाद कारखाना 1986 च्या ऑगस्टमध्ये बंद पडला आणि वर्षभराने पुन्हा सुरू झाला. आर्डन पोप या अभ्यासकाने रुग्णालयांच्या नोंदी काढल्या. कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत ब्राँकायटिस आणि दम्यामुळे दाखल झालेली मुलं, तो बंद असलेल्या हिवाळ्याच्या दुप्पट-तिप्पट होती. आपल्याकडेही ही दृष्टी नवी नाही. 1970 च्या दशकातच मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. एस. आर. कामत यांनी लालबाग, चेंबूर, खार आणि तुलनेसाठी एक ग्रामीण भाग निवडून तिथल्या माणसांचा खोकला आणि धाप मोजली होती. धाप लालबागेत सर्वांत जास्त निघाली, खारमध्ये कमी.

मुंबईच्या उत्तरेला लागून असलेल्या वसई-विरारमध्ये अशी तुलना करायला दूर जावं लागणार नाही. पश्चिमेला अजूनही केळीच्या आणि फुलांच्या वाड्या आहेत. रेल्वे ओलांडून पूर्वेला गेलं की वालीव-सातिवलीच्या औद्योगिक वसाहती, गोखिवऱ्याचं डम्पिंग, कामण परिसरातल्या खडीच्या खाणी आणि अवजड वाहनांनी भरलेला अहमदाबाद महामार्ग. या महामार्गाचं घोडबंदरपासून आच्छाडपर्यंत काँक्रिटीकरण सुरू झालं, त्याच्या धुळीची भर पडली. दिवसा समुद्रावरचा वारा धूळ पूर्वेकडे ढकलतो. हिवाळ्याच्या रात्री वारा पडतो आणि जमिनीलगत साचलेली हवा सकाळपर्यंत तिथून हलत नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाचं हवा मोजणारं एक स्वयंचलित केंद्र मात्र वसई पश्चिमेला आहे, यादीत त्याचं नाव 'वसई वेस्ट, मुंबई'. पूर्वेला महामार्गावरच्या चिंचोटीच्या नाक्यावर दिवसभर उभ्या राहणाऱ्या रिक्षावाल्याच्या छातीत काय जातं, हे त्या केंद्राच्या आकड्यावरून कसं ठरवणार?

आकडे जुळवण्याचं काम इथे खरं तर सोपं आहे. वसईचं सर डी. एम. पेटिट रुग्णालय आणि नालासोपाऱ्याचं तुळींज रुग्णालय महापालिकेचं, डम्पिंगही महापालिकेचंच, आणि हवा सुधारण्यासाठी पंधराव्या वित्त आयोगाचा निधीही याच महापालिकेसाठी होता. शहरातल्या रस्त्यांची धूळ, कचऱ्याची आग आणि वॉर्डातल्या खाटा एकाच आयुक्तांच्या अखत्यारीत आहेत. पूर्वेला दोन-तीन ठिकाणी मोजणी यंत्रं बसवावीत, केस पेपरवर रुग्ण कुठे राहतो याबरोबर तो कुठे काम करतो हेही लिहावं, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी दर आठवड्याला रुग्णांचे आणि हवेचे आकडे प्रभागवार शेजारी छापावेत. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.