तेल पचविणारी माती

खनिज तेलाच्या शुद्धीकरण कारखान्यात साठवणीच्या टाक्यांच्या तळाशी काळा, चिकट गाळ साचतो. असा गाळ जमिनीवर पसरला, की मातीच्या कणांमधील पोकळ्या बुजतात, हवापाण्याचा शिरकाव थांबतो आणि तेथे बी रुजत नाही. तो जाळावा तर हवा दूषित होते. पुरावा तर भूजल नासण्याची भीती. मग त्याची विल्हेवाट लावावी कशी? या प्रश्नाचे एक उत्तर मातीतच आहे.

तेलातील हायड्रोकार्बन संयुगे ही मातीतील काही जीवाणूंचे अन्नच होत. स्यूडोमोनास व रोडोकॉकस हे त्यांपैकी प्रसिद्ध वंश. काही जीवाणू साबणासारखे द्रव्य स्रवून तेलाचे सूक्ष्म थेंब करतात. मग त्यांच्या पेशींतील विकरे प्राणवायूच्या साहाय्याने तेलाचे रेणू टप्प्याटप्प्याने तोडतात. त्यांतून नव्या पेशी घडतात; बाकी कार्बन डायऑक्साइड व पाणी उरते. सरळ साखळीचे रेणू लवकर पचतात. अनेक वलयांचे रेणू सावकाश, तर डांबरासारखे घटक जवळजवळ तसेच राहतात.

बंगालमध्ये जन्मलेले शास्त्रज्ञ आनंद मोहन चक्रवर्ती यांनी अमेरिकेत संशोधन करून निरनिराळी हायड्रोकार्बने पचविण्याचे गुण एकाच जीवाणूत एकत्र आणले. १९८० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या एकस्वाचा मार्ग मोकळा केला. तरीही तेलगळतीच्या प्रत्यक्ष कामी हा जीवाणू कधीच वापरला गेला नाही.

कारण बहुधा उणीव जीवाणूंची नसते, त्यांच्या पोषणाची असते. तेलात कार्बन विपुल, पण नत्र व स्फुरद अत्यल्प. नुसत्या भातावर शरीर पोसत नाही, तसेच हे आहे. म्हणून दूषित मातीला खत घालतात, ती ओलसर ठेवतात आणि हवा खेळावी यासाठी वरचेवर नांगरतात. ही एक प्रकारची शेतीच होय.

या तत्त्वाची मोठी कसोटी मातीवर नव्हे, तर समुद्रकिनाऱ्यावर लागली. मार्च १९८९ मध्ये 'एक्सॉन व्हाल्डीझ' जहाजातून सुमारे चार कोटी लिटर तेल अलास्कानजीक सांडले. किनाऱ्यांवर खत टाकताच तेथल्याच जीवाणूंनी तेलाच्या विघटनाला वेग दिला. मात्र वाळूगोट्यांखाली जेथे प्राणवायू पोहोचला नाही, तेथे ते तेल कित्येक वर्षांनंतरही सापडले.

भारतात दिल्लीच्या 'टेरी' या संशोधन संस्थेने अनेक जीवाणूंचा 'ऑइलझॅपर' नावाचा संच सिद्ध केला. तेलक्षेत्रांतील व शुद्धीकरण कारखान्यांतील गाळावर तो वापरला गेला आहे. परंतु एक गोष्ट विसरून चालणार नाही. या कामाला महिने लागतात, आणि गाळातील शिशासारखे धातू कोणताही जीवाणू नाहीसे करू शकत नाही. माती तेल पचवते खरी. पण तिच्या पचनशक्तीलाही मर्यादा आहे.