श्रीवर्धन ते वेळास: सायकल, तंबू आणि भरतीचं गणित

समुद्राकाठचा रस्ता म्हणजे सपाट रस्ता, असं आपण नकाशा बघून गृहीत धरतो, आणि कोकणातली पहिली सायकल सहल बहुधा तिथेच फसते. इथली गावं खाडीकाठी किंवा पुळणीलगत असतात आणि दोन गावांच्या मध्ये जांभ्या दगडाचा उंच, उघडा सडा असतो. त्यामुळे दिवसाचा अंदाज किलोमीटरवर न बांधता मध्ये किती चढ आणि किती खाड्या आहेत यावर बांधावा. श्रीवर्धनहून हरिहरेश्वर, तिथून बागमांडला, बोटीने सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वी, आणि पुढे बाणकोटवरून वेळास हे अंतर सुमारे 40 किलोमीटर भरतं. पहिल्या खेपेला तेवढं पुरे.

दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडेच ठेवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या दिवसांत सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, तो फारसा आड येत नाही. दुपारी मात्र वायव्येकडून खारा वारा सुटतो. दक्षिणेला निघालेल्याला तो पाठीवर घेता येतो, उलट जाणाऱ्याचा दम काढतो.

सामान आदल्या रात्रीच बांधा. पाठीवर सॅक नको. घामाने पाठ भिजते आणि चढावर तोल जातो. मागच्या कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्या मिळतात, त्यांना पॅनिअर म्हणतात. जड वस्तू त्यांत तळाशी आणि दोन्हीकडे सारख्या वजनाने भरा, तंबूची हलकी गुंडाळी वर आडवी बांधा. लोंबणारा एकही पट्टा ठेवू नका, तो चाकात अडकतो. कॅरिअरचे बोल्ट हादऱ्यांनी सैल होतात, म्हणून ते घट्ट करायचा पाना पंपाजवळच, वरच्या कप्प्यात ठेवा.

निघण्याआधी दिनदर्शिकेत तिथी बघा. किनाऱ्यावरच्या माणसांचा जुना हिशेब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. शुद्ध असो वा वद्य, मोजणी प्रतिपदेपासून. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे पहाटे पावणेचारला आणि पुन्हा दुपारी चारच्या सुमारास समुद्र भरलेला, आणि मध्ये सकाळी दहाच्या आसपास पूर्ण ओहोटी.

हा हिशेब हरिहरेश्वरला लगेच कामी येतो. देवळामागची प्रदक्षिणेची वाट खडकांतून उतरून थेट समुद्राच्या कडेने जाते आणि भरतीत ती पाण्याखाली असते. पंचमीला नऊ-साडेनऊला पोहोचलात तर वाट मोकळी मिळेल. पौर्णिमेला त्याच वेळी पाणी चढत असतं, आणि उधाणाचं असतं. त्या दिवशी देवदर्शन घ्या आणि प्रदक्षिणा सोडा. ‘पाणी अजून लांब दिसतंय’ म्हणून उतरणारेच अडकतात.

सायकलवर उजाडताच बसा. चढ आला की गिअर आधीच हलका करा. पाय जड झाल्यावर बदलायला गेलात तर ताणलेली साखळी करकरते, कधी निसटते. मागे वजन असताना उभं राहून पेडल मारू नका. उतरून ढकलत नेण्यात कमीपणा काहीच नाही. उतारावर ब्रेक दाबून धरू नका, दाबायचा आणि सोडायचा. वळणावर जांभ्याची बारीक लाल खडी पसरलेली असते, तिथे वेग वळणाच्या आधीच कमी झालेला हवा. तहान लागायची वाट न बघता थोडं थोडं पाणी पीत राहा, आणि टपरी दिसली की मीठ घातलेलं लिंबू सरबत किंवा कोकम सरबत घ्या. घामातून मीठही जातं, नुसत्या पाण्याने ते भरून निघत नाही.

बागमांडल्याला फेरीबोट मिळते. तिच्यावर मोटारीसुद्धा चढतात, सायकल सहज जाते. मात्र सायकलवर बसून चढू नका. ओहोटीच्या वेळी धक्क्याचा खालचा उतार उघडा पडतो, त्यावर शेवाळ असतं. आधी मोटारी जाऊ द्या, मग सायकल हातात धरून चढा. सावित्रीच्या या खाडीपलीकडे रायगड जिल्हा संपून रत्नागिरी सुरू होतो.

वेळासला उन्हं कलण्याआधी, चारच्या सुमारास पोहोचायचं. तंबू वाळूवर टाकायचा मोह होईल, तो आवरा. हा किनारा ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचा आहे. माद्या थंडीत रात्री वाळूत अंडी घालायला येतात. माणसांची हालचाल आणि विजेरीचा झोत दिसला तर त्या अंडी न घालताच परततात, आणि पिल्लं उजेडाकडे भरकटतात. गावात बरीच घरं पाहुण्यांची सोय करतात. आदल्या दिवशी फोन करून ‘काका, जेवण तुमच्याकडे घेऊ, अंगणात तंबू टाकला तर चालेल का?’ एवढं विचारून ठेवा.

अंगणात जागा निवडताना आधी वर बघा. माडाखाली तंबू नको. नारळ किंवा वाळलेली झावळी रात्री कधीही पडते. शेकोटीही नको, वाडीत सगळीकडे पाचोळा असतो. तंबूची चेन कायम बंद ठेवा. कोकणात फुरसं हा लहानसा पण विषारी साप आढळतो, म्हणून रात्री बाहेर पडताना विजेरी जमिनीवर धरायची आणि सकाळी बूट झटकूनच पाय घालायचे. विजेरीची गरज अंगणापुरतीच, किनाऱ्यावर ती नेऊ नका.

झोपण्याआधी एक काम उरतं आणि दमल्यामुळे नेमकं तेच राहून जातं. सायकल बादलीभर गोड्या पाण्याने धुवा, साखळी फडक्याने कोरडी करा, कड्याकड्यावर तेलाचा थेंब सोडून जादाचं तेल पुसून घ्या. खारी हवा आणि वाळू एका रात्रीत साखळीवर तांबूस गंज आणते.

पहाटे दवाने तंबू ओला होतो. तसाच गुंडाळला तर त्याला बुरशी धरते. ऊन येईपर्यंत तो दोरीवर टाका. फेब्रुवारीच्या मध्यापासून पुढे गेला असाल, तर तेवढ्यात गावात चौकशी करा: पिल्लं बाहेर आली असतील तर सकाळी ती समुद्रात सोडतात, आणि कासवांची राखण करणारे कासवमित्र सांगतील त्या दोरीबाहेर उभं राहून आपल्याला ते बघता येतं.