पत्र्याखालची भट्टी निववू या!

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे आपण कौतुकाने म्हणतो. पण वैशाखात याच परभणीत पारा चाळिशी ओलांडून त्रेचाळीस-चव्वेचाळीसपर्यंत चढतो, तेव्हा दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये पाय ठेववत नाही. आणि शेतकऱ्याचे घरचे सारे काम नेमके त्याच शेडमध्ये असते. पेरणीपूर्वी तिफण-वखर दुरुस्त करायचे, पंपाची मोटार खोलायची, वेल्डिंगचे चार टाके मारायचे. कुठे घरच्या लक्ष्मीचे शिलाईयंत्र, तर कुठे पिठाची गिरणी. मृगाच्या आधी ही कामे उरकली पाहिजेत, म्हणजे ती ऐन उन्हाळ्यातच आली.

शेतकरी बंधू-भगिनींनो, उन्हाला इलाज नाही असे म्हणून हातपाय गाळू नका. घरच्या माणसांनी, घरच्या वस्तूंनी ही भट्टी बरीच निववता येते. फक्त क्रम चुकवू नका : आधी ऊन अडवा, मग वारा खेळवा आणि पाण्याचा विचार शेवटी करा.

माळवद का गार असे?

आपल्या वाडवडिलांची माळवदाची घरे आठवा. जाड भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. दिवसभराचे ऊन ती माती पिऊन घेई आणि उष्णता आत उतरेपर्यंत सांज होई. छताला ठेवलेल्या सवण्यातून धूर आणि गरम हवा वर निघून जाई. रात्री मात्र छत तापलेले असे, म्हणून मंडळी माळवदावर उघड्यावर झोपत.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे दगड-मातीच्या भिंती आणि जड छतांखाली गाडली गेली. मराठवाड्याने त्याचा धसका घेतला आणि हलका पत्रा अनेकांना जवळचा वाटला. ते योग्यच होते. पण पत्रा पातळ असतो. तो घटकाभरात तापतो आणि ती धग थेट आपल्या डोक्यावर सोडतो. तेव्हा माळवदाचा गुण घ्यावा आणि वजन सोडून द्यावे, हीच आपली युक्ती.

पहिले काम : पत्रा पांढरा करा

पांढरा रंग ऊन परतवतो. छत पांढरे केल्याने आतील उष्णता साधारण दोन ते पाच अंशांनी उतरल्याचा अनुभव आहे. अहमदाबाद शहराने २०१३ साली उष्णतेशी लढण्याचा आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांतील छतेही पांढरी करण्यास सुरुवात केली.

फाल्गुन संपताना पत्रा झाडून, धुऊन, गंज खरवडून घ्या. निवळलेला चुना गाळून घ्या, त्यात चिकटपणासाठी थोडा डिंक मिसळा आणि सकाळी किंवा सांजवेळी, पत्रा गार असताना दोन पातळ हात द्या. गुळगुळीत पत्र्यावर चुना फार दिवस धरत नाही. पावसात धुपतो, म्हणून दरवर्षी नवा हात द्यावा लागतो. ऐपत असेल तर छतासाठी मिळणारा पांढरा रंग लावा, तो अधिक टिकतो. डोळ्यांत चुना जाऊ देऊ नका. पत्र्यावर चढताना खालच्या लोखंडी अँगलवर आडवी फळी टाकूनच उभे राहा. सिमेंटचा पत्रा असेल तर तो पायाखाली फुटतो. शिवाय अशा जुन्या पत्र्यांत अॅस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते. म्हणून तो घासू नका, कापू नका, त्याला छिद्रे पाडू नका.

दुसरे काम : पत्र्याखाली दुसरे छत

पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून दुसरे हलके छत टांगा. बुरुडाकडच्या बांबूच्या तट्ट्या उत्तम. त्या नसतील तर आपल्या शेतातल्या तुराट्या आहेतच. कूड विणतो तशी चौकट विणा, दोन्ही अंगांनी शेण-मातीचा पातळ हात फिरवा, पूर्ण वाळू द्या आणि मग जाड तारेने अँगलला पक्की बांधा. न लिंपलेल्या तुराट्यांत उंदीर आणि विंचू घर करतात. थर पातळच ठेवा. डोक्यावर ओझे नको. मधली जागा दोन्ही टोकांनी उघडी ठेवा, म्हणजे तापलेली हवा तिथूनच बाहेर पडेल.

पऱ्हाट्या मात्र वापरू नका. वाळलेल्या पऱ्हाट्यांत आणि त्यांवरच्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या हंगामात पुन्हा कपाशीवर येते.

आणखी एक ध्यानात ठेवा. जिथे वेल्डिंगची ठिणगी उडते, तिथे तुराट्या, बारदाना किंवा थर्माकोल यांपैकी काहीही लावू नका. थर्माकोल भडकन पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. त्या कोपऱ्यावर जुन्याच पत्र्याचा दुसरा थर, मध्ये अंतर सोडून, लावावा. नाहीतर वेल्डिंग बाहेर झाडाखाली करावे.

तिसरे काम : वाऱ्याला वाट

गरम हवा वर चढते. म्हणून एका भिंतीला, शक्यतो उत्तरेकडे, खाली खिडकी किंवा जाळी ठेवा आणि समोरच्या भिंतीला अगदी वर, पत्र्यालगत, दुसरी. खालून गार हवा येईल, वरून तापलेली जाईल. तिसऱ्या प्रहरी पश्चिमेची भिंत सर्वांत जास्त तापते. तिच्यापुढे हातभर अंतरावर मांडव घालून दोडका, घोसाळी किंवा वालाचा वेल चढवा. न्हाणीचे सांडपाणी त्याला पुरते.

शेवटी पाणी

आपला उन्हाळा कोरडा असल्यामुळे ओल्या वाळ्याच्या ताट्या आणि कुलर चांगले काम देतात. पण चैत्र-वैशाखात पाणी डोक्यावरून आणावे लागते, म्हणून पहिली तीन कामे झाल्याशिवाय याच्या मागे लागू नका. छत निवले की थोडक्या पाण्यात भागते. कुलर खिडकीत बाहेरून बसवा आणि समोरची खिडकी उघडी ठेवा. दार-खिडक्या बंद केल्या तर ओल कोंडते आणि घाम वाळत नाही. पावसाळी दमट हवेत तर कुलरचा उपयोग नाहीच.

लोखंडी कुलरने शॉक लागून दर उन्हाळ्यात माणसे दगावतात. अर्थिंग जाणकाराकडून करून घ्या. पाणी भरण्यापूर्वी बटण बंद करून प्लग काढा. ओल्या हाताने कुलरला शिवू नका आणि मुलांना जवळ फिरकू देऊ नका.

जीव सांभाळून काम

इतके केले तरी भर दुपारी शेड सावलीच्या झाडासारखे होणार नाही. जड काम सकाळी अकराच्या आत आणि सांजेला करा, पाण्याचा माठ हाताशी ठेवा. फवारणीची औषधे आणि पेट्रोल तापत्या शेडमध्ये ठेवू नका.

कोणी बरळू लागले, अंग चटका बसावा इतके तापले किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजा. लगेच सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर गार पाणी ओतून वारा घाला आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. वेळ दवडू नका.

तिफण मोडली तर ती पुन्हा जोडता येते. तिच्यामागे चालणारा माणूस मात्र एकच असतो. त्याच्यासाठी यंदा फाल्गुनातच चुन्याची एक बादली कालवा.