पास, रिवर्क, रिजेक्ट

गेल्या महिन्यात इन्स्पेक्टर पुण्याला गेला. कायमचा. मुलाने हिंजवडीकडे फ्लॅट घेतला, आईवडिलांना बोलावलं आणि औरंगाबादेतल्या सिडकोतला तीस वर्षांचा संसार चार दिवसांत टेम्पोत चढला. बांधाबांध चालू असताना त्याने माझ्या हातात एक शंभरपानी वही ठेवली. पुठ्ठ्यावर तेलाचा डाग, आत फूटपट्टीने आखलेल्या चौकटी. "ही तुझ्याकडे राहू दे. तिकडे सुनेच्या हाती लागली तर उगाच प्रश्न."

इन्स्पेक्टर म्हणजे पोलिसातला किंवा एक्साइजमधला नव्हे. वाळूजला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात तो क्वालिटीला होता. सव्वीस वर्षं मायक्रोमीटर आणि गेज घेऊन लोकांच्या कामात खोट काढण्याचा पगार घेतला. तीच सवय घरी आली आणि बायकोने आमटीला गुण द्यायला मनाई केली म्हणून ती बिअरकडे वळली. जून २००४ पासून पुढची बारा वर्षं शहरातली जी जी स्वस्त बिअर आमच्या खिशाला परवडली तिची नोंद या वहीत आहे. सुरुवातीचे रकाने असे: तारीख, बॅच, फेस, वास, पहिला घोट, शेवटचा घोट, सकाळ. 'सकाळ' म्हणजे दुसऱ्या दिवशी डोकं कसं होतं. शेवटी शेरा: पास, रिवर्क किंवा रिजेक्ट. रिवर्क म्हणजे अजून अर्धा तास बर्फात ठेवून पुन्हा पाहणे.

माझा एक भाचा जर्मनीत असतो. तो तिथल्या सुपरमार्केटातल्या बिअरच्या मांडणीचे फोटो पाठवतो, साबणाच्या वड्यांच्या शेजारी बाटल्या. लोक म्हणे तिथे स्वस्तातल्या बाटल्या घेऊन चवीने तुलना करतात. आपल्याकडे २७ जानेवारी २०२२ ला राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत फक्त वाईन, तीही वेगळ्या कपाटात, विकायला मुभा दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवतो ना? महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र होणार म्हणून गळे काढले गेले, उपोषणाचे इशारे आले आणि निर्णय फायलीत निजला. बिअरचं तर त्यात नावही नव्हतं. आपण अजूनही १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली दारू विकणारे आणि पिणारे लोक आहोत. कायद्याने प्यायलाही परवाना लागतो. तो माझ्याकडे आजवर कुणी मागितलेला नाही.

तेव्हा आमचं सुपरमार्केट म्हणजे बिअर शॉपी. आठ बाय दहाचा गाळा, पुढे लोखंडी जाळी, जाळीत हात जाईल एवढी खिडकी. आत दोन काचेची फ्रिजं, त्यातलं एक कायम बंद. बाहेर उभ्या माणसाने ओळखीचं कोणी जात नाही ना हे पाहायचं, नोट आत सारायची, आणि काळ्या पिशवीत बाटली बाहेर यायची. ती काळी पिशवी २०१८ च्या प्लास्टिकबंदीत गेली. आता वर्तमानपत्रात गुंडाळून देतात. रात्रपाळीत मी ज्या अंकाचे मथळे जुळवत असे तोच अंक दुसऱ्या दिवशी बाटलीभोवती पाहून जो नम्रपणा येतो तो कुठल्या पुरस्काराने येत नाही.

२००४ च्या आधीची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. कॉलेजात मिळेल ते प्यायचं आणि आवडलं म्हणायचं. २०१४ नंतरचीही फारशी नाहीत. पुण्या-मुंबईत जागच्या जागी बनवलेल्या बिअरचे गडू वाढले, गव्हाची, संत्र्याच्या सालीची, आणखी कशाकशाची. महामार्गापासून पाचशे मीटरच्या आत दारूविक्रीला बंदीचा निकाल आला, नगर रोडवरचे बार दिव्यांसकट विझले, काही महिन्यांनी पुन्हा लागले. त्यावर मी त्याच वेळी पुरेसं लिहिलं आहे. मधलं दशक मात्र आमचं.

त्या दशकात या शहरात बिअर पिणं म्हणजे गावच्या विहिरीचं पाणी पिणं होतं. फॉस्टर्स आम्ही ऑस्ट्रेलियाची म्हणून ऐटीत घेत असू. ती १९९८ पासून वाळूजला बनत होती. २००६ मध्ये तो कारखाना सॅबमिलरने घेतला, आणि शॉ वॉलेसचं हेवर्ड्सही एव्हाना त्यांच्याच गोटात गेलेलं. किंगफिशरवाल्यांचे दोन कारखाने इथेच, आणि एकाचं नाव अजिंठा, दुसऱ्याचं वेरूळ. पर्यटन खात्याला जमलं नाही ते ब्रुअरीने केलं! औरंगाबाद ब्रुअरीज सिंगापूरच्या एशिया पॅसिफिककडे गेली आणि कॅनन १०००० नावाची बाटली शॉपीत उभी राहिली. आकड्यांची ही चढाओढ मजेची होती. हेवर्ड्स २०००, मग ५०००, मग थेट दहा हजार. या आकड्यांना काहीही अर्थ नव्हता, पण आमच्या कॅशियरला दहा हजारांत दुप्पट चढते याची खात्री होती. बँकेत असूनही.

कॅशियरच्याच गारखेड्यातल्या गच्चीवर आम्ही बसत असू. चौघे. इन्स्पेक्टर, कॅशियर, मी आणि मास्तर. मास्तर माळकरी घरातला, थेंबही घेत नसे. पण चकन्याला त्याच्याइतका न्याय कोणी देत नसे आणि भांडणात पंच लागायचाच. शेंगदाणे, काकडी, वर तिखट-मीठ. कधी उकडलेली अंडी, तेव्हा मास्तर गच्चीच्या दुसऱ्या टोकाला.

पहिल्या दोन-तीन वर्षांच्या नोंदी आज वाचताना हसू येतं. पानापानावर ग्लिसरीन. बिअरमध्ये ग्लिसरीन घालतात आणि ते काढल्याशिवाय पिऊ नये, हे मराठवाड्यातच काय, देशभरातल्या पिणाऱ्यांचं वेदवाक्य. कॅशियर हा विधी मन लावून करी. झाकण उडवायचं, तोंडावर अंगठा, बाटली उलटी करून तोंड पाण्याने भरलेल्या ग्लासात बुडवायचं, अंगठा काढायचा. पाण्यात तेलासारख्या लहरत्या रेषा उतरत. "बघ, निघालं!" बाटली बाहेर येई तेव्हा थोडी बिअर ग्लासात आणि तेवढं पाणी बाटलीत. इन्स्पेक्टरने एकदा साखरेच्या पाण्याची बाटली तशीच उलटी धरून दाखवली. तशाच रेषा. जड द्रव हलक्यात उतरताना दिसतो, एवढंच. कॅशियर म्हणाला, "म्हणजे साखरेतपण घालतात." पुढे वर्षभर तो ग्लिसरीन काढत राहिला आणि आम्ही त्याच्या बाटलीला गुण देणं बंद केलं.

कोणाची बाजू कोण घेई ते ठरलेलं. कॅशियर आकड्यांचा, मी किंगफिशरच्या पक्ष्याचा, इन्स्पेक्टर कोणाचाच नाही. वाद इतके वाढत की मे २००७ मध्ये मास्तरने परीक्षा घ्यायचं ठरवलं. पाच बाटल्या, सगळ्या कडक, सगळ्या साडेसहाशे मिलीच्या. त्याने त्या माझ्याच वर्तमानपत्रात गळ्यापर्यंत गुंडाळल्या, वर खडूने क्रमांक टाकले आणि स्टीलच्या पेल्यांत ओतल्या, म्हणजे रंगही कळू नये. बाकीच्या नावांचं सोडून द्या. कंपन्यांकडे वकील आहेत, माझ्याकडे फक्त वही. पण क्रमांक दोनला आम्ही तिघांनी मिळून सरासरी साडेसात दिले. वहीत लिहिलंय, 'धान्याचा वास, शेवटपर्यंत टिकली, पास.' क्रमांक चारला चार. 'ओल्या पुठ्ठ्याचा वास. घशाला चिकटते. रिजेक्ट.' कॅशियर तर म्हणाला, ही कुठल्या तरी लोकल कंपनीची. आम्ही हसलो, कारण सगळ्याच लोकल होत्या.

मास्तरने कागद फाडले. दोन आणि चार एकच होती. तेच नाव, तेच लेबल, तोच कारखाना. दोन नंबर त्याने सकाळी ट्रक उतरताना शॉपीतून घेतली होती, चार नंबर दुसऱ्या दुकानातून, जिथे खोकी दारात उन्हात रचून ठेवत. मागच्या तारखांत चार महिन्यांचं अंतर.

गच्चीवर बराच वेळ कोणी बोललं नाही. मग इन्स्पेक्टर कारखान्यातल्या आवाजात म्हणाला, "प्रोसेस ठीक आहे. स्टोरेजमध्ये मार खातोय." त्या रात्रीपासून वहीत बॅचचा रकाना पहिला झाला. बिअर ही भाजीसारखी वस्तू आहे. ती जुनी झाली की हवेने तिला पुठ्ठ्याचा वास येतो, आणि उष्णतेत ते लवकर होतं. उजेड लागला तर हॉप्सचं बिनसतं आणि स्कंकसारखी, आपल्याकडचं सांगायचं तर ओल्या फडक्यासारखी घाण सुटते. तपकिरी काच तेवढा उजेड अडवते, हिरवी फारसा नाही. म्हणून हिरव्या बाटल्या ऐटीत आल्या तेव्हा इन्स्पेक्टरने त्यांना फ्रिजच्या आतल्या रांगेतून काढून घ्यायची शिस्त लावली. वाळूजहून ट्रक कधी येतो, कुठल्या दुकानात कोणत्या वारी, हे आम्हाला पाठ झालं. टीव्ही सेंटरजवळचा एक शॉपीवाला वैतागून म्हणाला होता, "साहेब, बिअर घेताय का पोरीला स्थळ बघताय?" पण आठवडाभराची ताजी कडक बाटली, बर्फात नीट गारठलेली, पेल्याला साबणाचा ओशटपणा नसलेला आणि दोन बोटं फेस पाच मिनिटं टिकलेला! त्या चवीला पंधरा किलोमीटरचं अंतर हेच कारण होतं, आणि मुंबईत आमच्या तिप्पट पैसे मोजूनही ती मिळत नसे. मुंबईकर पाहुणे हे ऐकून हसत. हसोत.

बाटलीकडेही मग लक्ष जायला लागलं. तिच्या पोटावर पांढरे घासल्याचे पट्टे असत. भंगारवाला, धुलाई, कारखाना, शॉपी, गच्ची आणि पुन्हा भंगारवाला, अशा फेऱ्या करून आलेली बाटली. पट्टा जितका जाड तितकी ती अनुभवी.

आता एक जुना हिशेब. २००९ नंतर भाव चढायला लागले आणि सगळ्या कंपन्यांचे साधारण बरोबरीने चढायला लागले. आम्ही सरकारला शिव्या दिल्या. कर वाढवतं तेच, दुसरं कोण? २४ सप्टेंबर २०२१ ला भारतीय स्पर्धा आयोगाचा निकाल आला आणि मी तो रात्री डेस्कवर दोनदा वाचला. २००९ पासून ऑक्टोबर २०१८ पर्यंत मोठ्या बिअर कंपन्या आपापसात भाव ठरवत होत्या, महाराष्ट्रासह अनेक राज्यांत. युनायटेड ब्रुअरीजला सुमारे ७५२ कोटींचा दंड, कार्ल्सबर्गला सुमारे १२१ कोटींचा. तिसरीने, म्हणजे सॅबमिलरचा कारभार हाती आलेल्या एबी इनबेव्हने, आधीच कबुली दिली म्हणून तिला माफ. प्रकरण पुढे अपिलात गेलं, ते कोर्टांचं काम. पण निकालात एक गोष्ट होती जिच्यावर माझी नजर थांबली. जुन्या बाटल्यांच्या खरेदीतही दोन कंपन्यांचं संगनमत दिसलं, असं आयोगाने म्हटलं होतं. म्हणजे गच्चीवरून आमचे रिकामे खंबे नेणाऱ्या भंगारवाल्याशी आम्ही एका बाटलीमागे चार आण्यांसाठी घासाघीस करत होतो, त्या भावामागे हे होतं. आम्ही साडेसात आणि सव्वासात यांत रात्र घालवत होतो आणि तिकडे परीक्षेआधीच भावाचा पेपर फुटलेला. कॅशियरला फोन केला. तो म्हणाला, "बघ, म्हणजे ग्लिसरीनचंपण खरं असणार."

वहीतल्या शेवटच्या नोंदी एप्रिल २०१६ च्या. त्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. जायकवाडी मृतसाठ्यावर. शहरात नळ किती दिवसांनी येणार याची वाट पाहायची, आणि वाळूजच्या कारखान्यांत मात्र त्याच जायकवाडीचं पाणी. एक लिटर बिअरला साधारण चार-पाच लिटर पाणी लागतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यकारखान्यांचं पाणी २७ एप्रिलपासून निम्म्याने आणि १० मेपासून साठ टक्क्यांनी कापलं. मी तो मथळा लिहिला. त्याच रात्री गच्चीवर बसलो होतो. कॅशियरच्या बायकोने जिन्यावरून विचारलं, "भाऊजी, तुमच्या त्या बाटलीत किती बादल्या गेल्या?" कोणाला उत्तर देता आलं नाही. इन्स्पेक्टरने नोंद केली, गुण दिले नाहीत. त्यानंतर वहीत काही नाही. काही निर्णय झाला असं नाही. बसणं हळूहळू कमी झालं, इतकंच. मास्तरची बदली पैठणला झाली. कॅशियरच्या लिव्हरचे आकडे बिअरच्या आकड्यांसारखे चढले आणि डॉक्टरांनी त्याला कायमचं रिजेक्ट केलं.

आज नळ तेव्हापेक्षा लवकर येतो असं म्हणण्याची माझी हिंमत नाही. शहराचं नाव बदललं. २०२५ च्या जूनमध्ये विदेशी दारूवरचं शुल्क वाढवलं, बिअर त्यातून सुटली, आणि तरी एका कडक बाटलीला जवळपास दोनशेची नोट जाते. शॉपीत पोरं येतात, मोबाईलवर कोणता ब्रँड किती तारे तो पाहतात आणि कॅन घेऊन जातात. बूड उलटं करून तारीख पाहणारा मला तरी दिसत नाही. तारखेचे आकडेही बारीक झालेत, की माझे डोळे, काय ते.

इन्स्पेक्टर जायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघंच बसलो. त्याच्या रिकाम्या गच्चीवर, टेम्पोत न बसलेल्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. मी एक कडक बाटली आणली होती, आमच्या काळातलीच. त्याने चष्मा कपाळावर चढवला, मोबाईलचा टॉर्च लावला आणि लेबल फिरवत राहिला. बर्फाच्या पाण्याने तारखेची शाई पुसली होती. दोन आकडे दिसत होते, महिना नाही. त्याने ओतली. फेस बोटभर आला, लगेच बसला. त्याने वास घेतला, एक घोट घेतला, भिंतीकडे बघत बसला. मग वही मागितली, नवी ओळ आखली आणि आजची तारीख घालून शेऱ्याच्या रकान्यात एक शब्द लिहिला जो बारा वर्षांत तिथे कधी आला नव्हता: होल्ड.

"दुकानदाराला विचार, बॅच कुठली होती," तो वही परत देत म्हणाला. "कळलं की फोन कर. मग गुण सांगतो."